फडक्याचा उजेड

त्या संस्थेत तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे निथळमावशी. एकोणीस वर्षं तिने प्रयोगशाळेतले चंबू, बाटल्या, नळ्या धुतल्या, आणि एकोणीस वर्षं आल्यागेल्याला एकच गोष्ट बजावली : "निथळू द्या." कुणी ओली बाटली उचलायला हात पुढे केला की, "निथळू द्या." कुणी खिशातून रुमाल काढून चंबूचं तोंड पुसायला लागला तर ती ओल्या हातानेच त्याच्या मनगटावर चापट मारी. "फडकं लावायचं नाही. पाणी आपलं आपण जातं, त्याला वेळ द्या." मोठमोठ्या पदव्यांची माणसं मुकाट्याने हात मागे घेत. एकदा एका पोराचं ठरलेलं लग्न मोडलं आणि तो धुण्याच्या खोलीत येऊन स्टुलावर रडत बसला. तिने त्याला चहा दिला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "निथळू दे रे बाबा, मग बघू." तेव्हापासून नावच पडलं.

खोली चौथ्या मजल्याच्या टोकाला. दोन खोल सिंक, भिंतीला तिरप्या खुंट्यांची फळी, कोपऱ्यात भांडी वाळवायचा ओव्हन, तोही एवढासा की एका वेळी एकाच जणाचा पसारा मावावा. पहिल्या बाटलीला हात लावण्याआधी ती डोळे मिटून देवाचं नाव घेई. मग साबणाचं पाणी, ब्रश, तीन वेळा नळाचं पाणी, तीन वेळा शुद्ध केलेलं पाणी, आणि बाटली उलटी खुंटीवर. देवापुढे बसताना लागतात तितकेच स्वच्छ हात या कामाला लागतात, असं ती मानत असे. ती हे कुणाला सांगायला जात नसे, पण काम बघणाऱ्याला ते कळे.

दोन वर्षांपूर्वी तिची मुलगी त्याच मजल्यावर संशोधनाला आली.

रुजू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मुलीने जेवताना विषय काढला. "आई, तिथे तू माझी आई नाहीस हं."

"मग कोण?"

"सगळ्यांची मावशी ती माझी मावशी. नाहीतर लोक म्हणतील, आई आहे म्हणून हिचं सगळं आधी होतं."

बाप घड्याळजी. रस्त्याच्या वळणावर त्याचं टेबल मावेल एवढं दुकान होतं. त्याने ताटातून मान वर न करता शेरा मारला, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात. आमच्याकडे दोन्ही एकाच माणसात उरकलं."

मावशी हसली. अट मात्र दोघींनी पाळली. जिन्यात, चहाच्या वेळी, लिफ्टमध्ये मुलगी तिला "मावशी" म्हणे आणि तीही "काय ताई" म्हणून ओ देई. पहिला आठवडाभर दोघींना हसू दाबावं लागलं. मग सवयच होऊन गेली.

मुलगी नेमकं काय करते ते समजायला तिला बरेच दिवस लागले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने हातातला पेला खाली ठेवला होता.

"साखर करपवतेस? एवढी शिकून?"

"करपवत नाही गं. बंद भांड्यात तापवते. तिचा कार्बन होतो. काजळीचाच भाऊ समज. पण कण इतके बारीक, की हजारो एका रांगेत उभे केले तरी केसाची जाडी भरायची नाही."

"आणि ती काजळी तू माणसाच्या पोटात घालणार?" आयुष्यभर भांड्यांच्या बुडाची काजळी घासलेल्या बाईला हे ऐकवेना.

"पोटात नाही, पेशीत. तेही आत्ता नुसत्या बशीत वाढवलेल्या पेशींत." मुलीने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "ही पेशी. हिला बाहेरून पडदा असतो. औषध चांगलं असतं, पण कितीतरी औषधं पडद्यापाशीच अडतात. आत जाता येत नाही. मग आम्ही ते औषध या कार्बनच्या कणाच्या पाठीवर देतो. पेशी कणाला आत ओढून घेते, आणि त्याच्याबरोबर औषधही."

"म्हणजे हमाल."

"हो, हमालच म्हण."

"घरात शिरलेला हमाल घरच्यांना काही करत नाही ना?"

मुलगी आईकडे बघतच राहिली. "हेच तर शोधायचंय. त्याने आत जावं, माल टाकावा आणि घरधन्याच्या केसालाही धक्का लावू नये. आणि गंमत म्हणजे, जांभळ्या दिव्याखाली हा कण निळा चमकतो. हमालाच्या डोक्यावर कंदील असतो. म्हणून तर तो आत पोचला की नाही हे आम्हाला मायक्रोस्कोपमधून दिसतं."

काजळीच्या डोक्यावर कंदील. मावशी दोन दिवस हेच मनात घोळवत होती. देवाची करणी म्हणावी तरी किती प्रकारची.

पहिलं सव्वा वर्ष कंदील मिणमिणतेच राहिले. चित्रं यायची ती अंधुक. मुलीचे मार्गदर्शक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, चित्र लांब धरत आणि म्हणत, "आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही." मुलगी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसे. मावशीच्या सकाळच्या प्रार्थनेत त्या काळात एकच मागणं असे : देवा, तिच्या त्या कणांना थोडा उजेड दे.

दुसरी अडचण ओव्हनची. ओव्हनच्या दारावर पाळीची यादी लावलेली असे आणि ती सांभाळणारा तंत्रज्ञ होता. त्याला यादीवाला म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण यादी त्याला आपल्या जन्मपत्रिकेसारखी पवित्र. तरी ज्याला घाई असेल तो त्याच्या मागे लागून नाव वर सरकवून घेई. मुलगी कधीच मागे लागली नाही. लोक काय म्हणतील हे भूत तिच्या मानगुटीवर बसलेलं. त्यामुळे तिचं नाव घसरत घसरत तळाला, आणि तिचे चंबू संध्याकाळपर्यंत खुंटीवर ओलेच. ओल्या चंबूत काम करता येत नाही, म्हणून तिचा अख्खा दिवस फुकट.

"त्या यादीवाल्याला मी सांगू का?" मावशीने एकदा घरी विचारलं.

"अजिबात नाही."

"अगं, पण तुझ्या बाटल्या..."

"आई, वाळतील तेव्हा वाळतील. तूच सांगतेस ना सगळ्यांना, निथळू द्या म्हणून?"

आपलंच शहाणपण आपल्याला वाढून दिल्यावर माणूस काय बोलणार.

आणि तेव्हा तिने एकोणीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. घरातल्या जुन्या सुती चादरीचा मऊ तुकडा घेतला. ती चादर इतकी धुतलेली, की हातात लोण्यासारखी लागे. कपडे पांढरेशुभ्र करणाऱ्या पावडरीत तो तुकडा स्वतः भिजवला, चोळला, उन्हात कडक वाळवला. दुसऱ्या दिवशी लवकर गेली. खोलीत कुणी नव्हतं. मुलीचे चंबू खुंटीवरून उतरवले, तुकडा एका काडीला गुंडाळला आणि एकेक चंबू आतून हलक्या हाताने पुसून कोरडा केला. तान्ह्या पोराचा कान पुसावा तसा. काच अशी लखलखली की तिलाच बरं वाटलं. मुलगी आली, चंबू कोरडे बघून म्हणाली, "मावशी, आज ओव्हन मिळाला वाटतं?"

"मिळाला हो ताई," मावशी म्हणाली.

खोटं बोलल्याबद्दल तिने त्या संध्याकाळी देवाची माफी मागितली. फडकं मात्र पिशवीत राहिलं. रोज घरी न्यायचं, पावडरीत धुवायचं, सकाळी आणायचं. असे आठ महिने गेले.

आणि नेमक्या त्याच दिवसांत चित्रं सुधारली. आधी थोडी, मग एकदम. पेशीमागून पेशी निळ्याशार, कडेपासून मधोमध. सर कधी नव्हे ते धुण्याच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "मावशी, आमच्या या पोरीने कमाल केली बरं." पोरगी कुणाची ते सरांना ठाऊक होतं, पण अट तेही पाळत. लेख लिहून पाठवला गेला. त्यातलं एक चित्र मोठं छापून व्हरांड्यातल्या भिंतीवर लावलं. दुपारी व्हरांडा रिकामा झाला की मावशी त्या चित्रासमोर उभी राहून हात जोडी. देवाने हाक ऐकली होती. तिच्या मनात याबद्दल तीळभरही शंका नव्हती.

मग लेख तपासणाऱ्यांचं पत्र आलं. लेख आवडलाय, फक्त एक लहानशी चाचणी जोडा : नुसतं पाणी घ्या, कार्बनचा कणही नको, आणि ते पाणी त्याच चंबूंतून, त्याच पायऱ्यांनी नेऊन पेशींना द्या. काही दिसता कामा नये. ते काळं चित्र शेजारी छापा, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही.

"आतापर्यंत हे केलं नव्हतंस?" घड्याळजीने विचारलं.

"कोऱ्या पेशींची बशी रोज असायची, बाबा. पण त्यांना नुसतं बंद बाटलीतलं खाद्य थेट घालायचो. आता पाणी सगळ्या वाटेने फिरवून आणायचं, एवढाच फरक. अर्ध्या दिवसाचं काम."

मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास मावशी मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीबाहेर धुतलेल्या नळ्यांचा ट्रे घेऊन उभी होती. आत सर, मुलगी आणि यादीवाला. दार अर्धवट उघडं होतं.

मग सरांचा आवाज आला, एकदम हळू. "ही बशी कुठली?"

"पाण्याची, सर."

"नीट बघ. लेबल बदललं असेल."

"नाही बदललं, सर. मी तीन बश्या केल्यात. तिन्ही अशाच."

"अगं, यात कार्बन नाही ना?"

"नाही, सर."

"मग हे निळं काय आहे?"

मावशी ट्रे घेऊन एक पाऊल पुढे सरकली. दाराच्या फटीतून पडद्यावरचं चित्र दिसत होतं. व्हरांड्यातल्या चित्राची जुळी बहीण म्हणावी असं. तितकंच निळं, तितकंच सुंदर. नुसत्या पाण्याचं.

यादीवाला खाली मान घालून बाहेर आला. मावशीने नजरेनेच विचारलं.

"काय सांगू, मावशी. डब्यात काही नाही आणि डब्याला मात्र वास आहे. आता सर म्हणतायत की एकतर हिने पाण्यात कण सांडले, नाहीतर..." तो थांबला. मुलगी कुणाची ते त्याला आठवलं. "नाहीतर आठ महिन्यांची सगळी चित्रं बाद. लेख मागे घ्यावा लागेल. आणि लोक तर असंही म्हणतील की हिने मुद्दाम केलं."

"मुद्दाम म्हणजे?"

"म्हणजे चित्रं चांगली यावीत म्हणून काहीतरी कालवलं."

मावशीने ट्रे खाली ठेवला. एवढ्या वर्षांत तिच्या हातून एकही नळी फुटली नव्हती. त्या दिवशीही फुटली नाही.

त्या संध्याकाळी घरी कुणी जेवणाकडे बघेना. मुलीचे डोळे कोरडे होते. मावशीला त्याचंच जास्त भय वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं.

"सरांनी शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय," मुलगी म्हणाली. "तोवर कारण सापडलं नाही तर ते पत्र लिहिणार. मी सगळं तपासलं. पाणी नवीन, पेशी नव्या, खाद्य नवीन. सगळं बदललं, तरी चमकतं."

"सगळं बदललं?" बापाने विचारलं.

"सगळं. फक्त चंबू तेच. पण चंबू तर धुतलेले आहेत. मावशी..." ती थांबली. "आईने धुतलेले आहेत."

आईने धुतलेलं म्हणजे स्वच्छ. या घरात यावर वाद होऊच शकत नव्हता.

शांतता असह्य झाली की घड्याळजी आपल्या दुकानातलं काहीबाही सांगत बसे. त्याला वाटे, तेवढंच मन दुसरीकडे जाईल. "आज एक घड्याळ आलं. महागातलं. चार दिवस चालतं आणि बंद पडतं. उघडलं तर आत काय, एक धागा. हा एवढा, डोळ्याला दिसू नये असा. मालक म्हणतो, मी फक्त प्रेमाने फडक्याने पुसलं हो. मी म्हटलं, साहेब, वर्ष सहा महिने धुळीत पडलं असतं तरी चाललं असतं, पण तुमच्या प्रेमाने मारलं त्याला. घड्याळाच्या आत मी कधी फडकं..."

तो पुढे काय बोलला ते मावशीच्या कानावर पडलं नाही. घास तोंडात तसाच राहिला. खुंटीला तिची पिशवी टांगलेली होती, आणि पिशवीच्या तोंडातून त्या पांढऱ्याशुभ्र फडक्याचा कोपरा बाहेर आला होता.

बुधवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली. त्या दिवशी तिने देवाचं नाव घ्यायला डोळे मिटले खरे, पण तोंडातून शब्द फुटेना. मुलीच्या खोलीत टेबलावर काळ्या पडद्याची एक पेटी होती आणि तिच्यात जांभळा दिवा. मुलगी कण तयार झाले की त्याखाली धरून बघे. मावशी ती पेटी दोन वर्षं रोज पुसत आली होती. आत डोकावली कधीच नव्हती.

तिने बटण दाबलं, पिशवीतून फडकं काढलं आणि पडदा सारून दिव्याखाली धरलं.

फडकं पेटलं. दुसरा शब्द नाही. धूर नाही, चटका नाही, पण घडीघडीतून निळा-पांढरा उजेड असा उसळला, की तिने हात झटकून फडकं टाकलं. आणि तरीही उजेड गेला नाही. तो तिच्या बोटांवर होता. नखांच्या कडांना, तळव्याच्या रेषांत. बाहीची कडा चमकत होती. पदराचा दोरा न् दोरा चमकत होता. पेटीच्या काळोखात तिचे स्वतःचे हात तिला दुसऱ्याच कुणाचे तरी वाटले.

मग तिने मुलीचा एक चंबू आणला. दिव्याखाली तिरका केला. काचेच्या आत, तळाशी, चार-सहा बारीक तंतू निळ्या केसांसारखे चिकटलेले होते.

म्हणजे हमालाच्या डोक्यावरचा कंदील नव्हताच. ते फडकं होतं. आठ महिने ती ज्याच्यासाठी देवापुढे हात जोडत होती तो उजेड देवाने दिला नव्हता. तो तिनेच पावडरीत भिजवून, उन्हात वाळवून, रोज सकाळी काडीला गुंडाळून आत घातला होता. स्टुलावर बसायचंही तिला सुचलं नाही. ती जमिनीवरच बसली.

क्षणभर मनात आलं, खरं सांगायचंच कशाला. फडकं फेकून द्यावं, चंबू ॲसिडच्या पाण्यात बुडवावेत, उद्या पाण्याची बशी काळी दिसेल आणि सगळे म्हणतील, काहीतरी सांडलं असेल. कुणाला कळणार होतं? तिने फडक्याकडे बघितलं. ते जमिनीवर पडलं होतं, आणि साध्या उजेडात ते निव्वळ एक स्वच्छ फडकं होतं. पण सांडलं असेल म्हणजे मुलीने सांडलं, आणि कालवलं असेल म्हणजे मुलीने कालवलं. आणि व्हरांड्यातलं ते चित्र? ते तसंच भिंतीवर राहणार, आणि उद्या कुणी आजारी माणूस त्या चित्रावर भरवसा ठेवून बसणार. देवाला फसवणं तिला जमलं नसतंच. माणसांना फसवणं आणखी अवघड, कारण ती विचारतात.

नऊ वाजता सर आले. मागून मुलगी, आणि तिच्या मागून यादीवाला. मावशी पेटीपाशी उभी.

"सर, जरा इकडे बघा," ती म्हणाली आणि फडकं दिव्याखाली धरलं.

सर वाकून बघत राहिले. मग त्यांनी आपल्या शर्टाची बाही दिव्याखाली नेली. तीही चमकली. "धुण्याची पावडर," ते स्वतःशीच म्हणाले. "कपडा पांढरा दिसावा म्हणून तिच्यात एक द्रव्य घालतात. न दिसणारा प्रकाश ते शोषतं आणि निळं होऊन चमकतं. पण मावशी, फडक्याचा आणि चंबूचा काय संबंध? तुम्ही तर कुणाला फडकं लावू देत नाही."

"कुणाला देत नाही," मावशी म्हणाली. "हिचे मी पुसते. आठ महिने. आतून."

"का?"

"ओव्हनमध्ये हिची पाळी येत नव्हती."

यादीवाल्याने एक पाऊल मागे घेतलं. मुलगी आईकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. दिवा विझल्यावर काच दिसते तशी ती दिसत होती.

"तू मला म्हणालीस ओव्हन मिळाला," ती म्हणाली.

"म्हणाले."

"रोज म्हणालीस."

"रोज म्हणाले."

मावशीला वाटलं, आता सर ओरडतील. आपण घरी जाऊ. एकोणीस वर्षं इथेच संपली. पण सर स्टुलावर बसले आणि त्यांनी खिशातून वही काढली. "इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही, की भांडी वाळतात कशी," ते म्हणाले. "सांगा. पहिल्यापासून सांगा. किती वेळा पाणी, काय साबण, काडी कसली." ती सांगत गेली आणि ते लिहीत गेले, एखाद्या मोठ्या विद्वानाचं लिहून घ्यावं तसं. कुणाच्या चंबूला फडकं लागलं आणि कुणाच्या नाही, तेही लिहिलं. फक्त एकीच्याच चंबूंना लागलं होतं.

शेवटी त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "लेख मागे घ्यावा लागेल. तंतूंतलं द्रव्य पाण्यात उतरून पेशींना लागलं, त्यामुळे ही आठ महिन्यांची चित्रं बाद. पण कारण सापडलं, आणि ते आपल्याच माणसाने दाखवलं, एवढं मी पत्रात लिहीन. हिने काही कालवलं नाही, हेही लिहीन." मग मुलीकडे बघून, "एक वर्ष पुन्हा. तयारी आहे?"

मुलीने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कुणालाच कळलं नाही.

त्यानंतर घरात फक्त भांडी वाजत होती. मुलगी उठे, जाई, येई, पांघरूण डोक्यावरून घेई. घड्याळजीने एकदा धीर करून, "घड्याळाचं सांगितलं ते चुकलंच माझं," असं म्हटलं. मुलगी पांघरुणातूनच म्हणाली, "नाही बाबा, तुमचंच तेवढं बरोबर होतं." मावशीने ते ऐकलं. आपल्यालाही एखादं वाक्य मिळेल म्हणून ती बराच वेळ हातातलं काम लांबवत राहिली. मिळालं नाही.

व्हरांड्यातलं चित्र उतरवलं गेलं. भिंतीवर चार खिळ्यांची भोकं राहिली. मावशी दुपारी तिथून जाताना त्यांच्याकडे बघत नसे.

सोमवारी सरांनी सांगितलं, सगळं नव्याने. नवे चंबू. "धुणार कोण?" यादीवाल्याने हळूच विचारलं.

"मावशी," सर म्हणाले. "आता तर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

यादीवाला ओव्हनच्या दाराशी गेला, यादी काढली आणि मुलीचं नाव सगळ्यात वर लिहिलं. मावशीने त्याच्या हातातून पेन घेतलं, वरचं नाव खोडलं आणि जिथे होतं तिथे, पाचव्या ओळीत, परत लिहिलं. "पाळी येईल तेव्हा येईल," ती म्हणाली. "तोवर खुंटीवर राहतील."

राहिले. दीड दिवस राहिले. काचेवरून शेवटचा थेंब सरकून खाली पडेपर्यंत तिने त्यांच्याकडे बोटही नेलं नाही. मग ओव्हन. मग जांभळ्या दिव्याखाली एकेक चंबू तिरका करून बघितला. काळा. सगळे काळे.

चाचणीच्या दिवशी सरांनी तिला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. आधी पाण्याची बशी. पडदा काळा. इतका काळा, की यादीवाल्याने स्क्रीन बंद तर नाही ना म्हणून बटण चाचपून बघितलं. मग कार्बनची.

पडदा याही वेळी काळाच दिसला. म्हणजे हमाल आत जातच नाहीत. म्हणजे दोन वर्षं...

"थांबा," मुलगी म्हणाली. तिने एक चाक हळूच फिरवलं. "इथे बघा."

काळ्यात एक अस्पष्ट गोल, आणि गोलाच्या आत ठिपके. तीन. पाच. मोजता येतील इतके. निळे म्हणावेत की नाही इतके मंद. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आत आहेत," ते म्हणाले. "पडद्याच्या आत आहेत. आणि पेशी?"

"जिवंत, सर. सगळ्या."

"एवढंच?" मावशीच्या तोंडून निघून गेलं. आठ महिने तिने डोळे दिपतील इतका उजेड पाहिला होता.

"एवढंच," मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली. "पण हे फडक्याचं नाही." आठवड्याभरात ती आईशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

सर पुढच्या वर्षाचं काम मोठ्याने मोजू लागले. कण जास्त आत कसे जातील, औषध किती लादता येईल, किती वेळा पुन्हा करावं लागेल. बरंच होतं. मावशी गुपचूप बाहेर आली आणि आपल्या खोलीत जाऊन उरलेले चंबू विसळू लागली. तीन वेळा नळाचं, तीन वेळा शुद्ध.

थोड्या वेळाने मुलगी दारात आली. दुसऱ्या फेरीसाठी तिला दोन चंबू लगेच हवे होते. तिने खुंटीवरचा एक उचलला. ओला होता. इकडेतिकडे बघितलं, आणि घाईघाईत कोटाच्या बाहीने त्याचं तोंड पुसायला गेली.

चटकन ओली चापट मनगटावर बसली. दोन वर्षांत आईने तिला ती एकदाही मारली नव्हती.

मुलगी हातावरच्या पाण्याच्या थेंबांकडे बघत राहिली. मग तिने चंबू उलटा करून परत खुंटीवर ठेवला, स्टूल ओढलं आणि तो निथळेपर्यंत तिथेच बसून राहिली.